दोन सेलांची वाफ

धोंड्याच्या जेवणाला पाटावर बसलेला जावई, पुढ्यातलं ताट तसंच ठेवून, नाकातून धूर सोडतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आणि वर मलाच सांगतो, "आई, धूर नाही हा. वाफ आहे."

"वाफ आमच्या भातालापण येते, हेमंतराव," मी म्हटलं. "तिला हापूसचा वास येत नाही."

"आई!" उज्ज्वलाने मागून माझा पदर ओढला. माझी लेक ती. लग्नाआधी माझ्या बाजूने बोलायची.

अधिक महिना होता. आमच्याकडे अधिकात जावयाला नारायण समजून बोलावतात, त्याचे पाय धुतात, तेहतीस अनारसे देतात, पुरणाचे धोंडे करून वाढतात. नारायणाला उलट बोलायचं नसतं. म्हणून मी त्याच्या पानावर तूप ओतलं, रागाने जरा जास्तच ओतलं, तर धोंडा मोडायच्या आधी तो पुन्हा ती डबी तोंडाला लावून बसला. एक घास, एक झुरका. एक घास, एक झुरका. पहाटे चारला उठून शिजवलेलं पुरण ते. त्याची चव त्या जिभेला लागली असेल तर मी नाव बदलीन.

सात वर्षं झाली याला. आता त्या विजेच्या सिगारेटवर सरकारने बंदी आणलीय म्हणतात. तेव्हा नव्हती.

पण माझा सगळा राग काही जावयावर नव्हता. शेजारच्या पाटावर आमचे हे बसले होते. नाव रंगनाथ, अख्खी गल्ली नाना म्हणते. नाना जेवत नव्हते. नाना त्या डबीकडे बघत होते. मांजर ओट्यावरच्या दुधाकडे बघतं ना, तसे.

"अहो, ताटात बघा," मी म्हटलं.

"ताटातच बघतोय."

"कोणाच्या?"

नानांनी मान खाली घातली नि धोंड्याचा तुकडा तोंडात टाकला.

नानांनी चाळीस वर्षं बिडी ओढली. आम्ही दोघंही सिन्नरला बिडीच्याच कारखान्यात होतो. ते जर्द्याच्या गोदामात, मी चेकर. बायका हजार हजार बिड्या वळून आणायच्या, मी त्या सुपात पसरायची आणि छाटायची. ढिली वळलेली छाट, पान फाटलेलं छाट, तोंड नीट न मोडलेली छाट. शाळा माझी दुसरीपर्यंत. पण बिडी बोटात धरली की ती मध्येच विझेल की शेवटपर्यंत जळेल, ते न पेटवता सांगायची. बायका मला 'आनसा कात्री' म्हणत. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कोणाची नव्हती.

त्या आधीच्या दिवाळीत नानांची छाती भरली ती उतरेना. नाशिकला नेलं. अकरा दिवस नळीवर श्वास चालला होता. तिथल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून मला दाखवला. "खालचा हा भाग गेला, मावशी. उरलाय तेवढ्यावर हे अजून दहा वर्षं काढतील. पण पुन्हा ओढायला लागले, तर मला दाखवायला आणायची तसदी घेऊ नका." बाई मला आवडली. माझ्यासारखीच बोलली.

तेव्हापासून सात महिने नानांनी बिडीला हात लावला नव्हता. असं ते म्हणायचे. मी नुसत्या म्हणण्यावर विश्वास ठेवला असता तर मी चेकर कसली? रोज संध्याकाळी त्यांचा सदरा हुंगायची, खिसे उलटे करायची. ते बिचारे आपणहून हात पुढे करायचे. "हुंग बाई, हुंग." एकदा पानाच्या टपरीजवळ उभे दिसले, तर मी भर रस्त्यात त्यांना तोंड उघडायला लावलं होतं. चारचौघं हसली. नानांनी तोंड उघडलं. आत बडीशेप होती.

तर असा माणूस, सात महिने उपाशी, आणि त्याच्या शेजारी बसून हा नारायण हापूस फुंकत होता.

जेवणं झाली. पानविडा झाला. मग हेमंतरावांनी पिशवीतून एक कोरं खोकं काढलं आणि नानांच्या पुढ्यात ठेवलं.

"नाना, तुमच्यासाठी. दुबईहून मित्राकडून मागवलं. माझ्यासारखंच, पण नवीन मॉडेल."

नानांनी खोक्यावरून हात फिरवला. उघडलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? डॉक्टरीणबाईंकडे बघा," मी म्हटलं.

"आई, ऐका तर," हेमंतराव पुढे सरकले. "मी दिवसाला वीस सिगारेटी ओढायचो. दीड वर्ष झालं, एक ओढली नाही. याच्यामुळे. यात जळत काही नाही, राख नाही, तंबाखू नाही. नुसता फळाचा रस नि वाफ. नानांची बसल्या बसल्या तगमग होते, हाताला काहीतरी लागतं, ओठाला काहीतरी लागतं. तेवढं भागेल."

"तगमग होते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

उज्ज्वला पानदान आवरायला लागली. म्हणजे फोन करून बापाने लेकीला सांगितलं होतं.

"आनसे," नाना हळूच म्हणाले, "तंबाखू नाही म्हणतात ना. नुसती वाफ. मी निलगिरीची घेतोच की भगोन्यातून."

त्यांचा आवाज ऐकून मला चीड आली, आणि चीड आल्यावर मला जे सुचतं तेच सुचलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी तपासते. पास झाली तर घ्या. नाही झाली तर जशी आली तशी खोक्यात."

हेमंतराव हसले. "तुम्ही तपासणार?"

"तीस वर्षं तेच केलं, जावईबापू. तुमच्या ह्या डबीला काही शिंगं नाहीत. काढा बाहेर."

काढली. काळी, गुळगुळीत, साबणाच्या वडीएवढी. वर बोटाच्या पेराएवढी काचेची टाकी, तिच्यावर तोंडाला लावायची चोच. मी ती तळव्यावर घेतली. डोळे मिटले. हात विसरत नाही. पावशेरसुद्धा भरली नसती.

"हलकी आहे," मी म्हटलं. "पोकळ आहे का?"

"आत दोन सेल आहेत, आई." त्यांनी पाठीचं झाकण सरकवून दाखवलं. बॅटरीच्या सेलांसारखेच दोन, गुटगुटीत, शेजारी शेजारी झोपलेले.

"दोन कशाला? एकाने भागत नाही?"

"एकावर सगळा भार पडला की तो तापतो. दोघांत वाटला की गार राहतात, दिवसभर पुरतात. पण जोडी मोडायची नाही. बरोबर आणायचे, बरोबर चार्ज करायचे. एक जुना, एक नवा असं घातलं की नवाही बिघडतो."

"बघ," नाना म्हणाले, "निर्जीव वस्तूलापण कळतं."

"काय कळतं?"

"भार वाटून घ्यायचा."

"तुम्ही कधी वाटून घेतलात? पाणी मी भरायचं, दळण मी आणायचं. आपल्या डबीत सेल एकच होता."

हेमंतराव मोठ्याने हसले, उज्ज्वलाही हसली. मला हसू आलं नाही. पहाटेपासून माझं डोकं मागच्या बाजूला ठणकत होतं. दोनदा चहा झाला होता, बाम चोळून झाला होता. उन्हाचं आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

मग टाकी. हेमंतरावांनी आपल्या बाटलीतून तीत पिवळा रस भरला. बाटलीवरचा कागद खरवडलेला होता. मी टाकी उलटी केली आणि नानांच्या पांढऱ्या रुमालावर ठेवली. भांडी विसळून होईपर्यंत तशीच ठेवली. रुमालावर ठिपका नाही.

"आत काय आहे?"

"बारीक तार, तिच्याभोवती कापूस. कापूस रस ओढून घेतो, तार तापली की वाफ होते."

"म्हणजे निरांजनच की. रस संपला तर?"

"कापूस करपतो, घशाला कडू लागतं. पण काचेतून दिसतं ना, वेळेवर भरायचं."

मी कापूस बघितला. पांढरा होता. बसवण नीट होती, धागा लोंबत नव्हता. आमच्या कारखान्यात अशी बांधणी करणारी बाई मिळाली असती तर मी तिला पेढे दिले असते.

"आता दहा वेळा सलग ओढा," मी हेमंतरावांना म्हटलं.

नारायण खुशीने तयार झाले. दहा झाल्यावर मी डबी गालाला लावून बघितली. कोमट. दुधाच्या पेल्याएवढीही गरम नाही.

आता मी खरं सांगते, मला राग यायला लागला होता तो वस्तूला खोट सापडत नव्हती म्हणून. नाना भिंतीला टेकून बसले होते आणि प्रत्येक परीक्षेला त्यांचा चेहरा उजळत चालला होता. लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हासुद्धा इतके उजळले नव्हते.

"झालं ना सगळं?" ते म्हणाले. "दे इकडे. ओढून बघायची तेवढी राहिली."

त्यांचा हात पुढे आला.

"थांबा," मी म्हटलं. "ओढून मी बघणार."



"आई, तू?" उज्ज्वला म्हणाली. "तू कधी बिडीसुद्धा ओढली नाहीस."

"म्हणूनच. ज्याला बिडीची सवय त्याला काय कळणार? मला ठसका लागला तर समजायचं, ही छातीला चालणार नाही. रुमालाने चोच पुसा, हेमंतराव."

मनात माझं ठरलेलंच होतं. ठसका लागणारच. नाही लागला तर मी आणणार होते. मग खोकं बंद, विषय बंद.

पण इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात मी सोडून कोणाला माहीत नव्हती.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा नानांनी मला अट घातली होती. "मी बिडी सोडतो, तू मशेरी सोड." तव्यावर तंबाखू काळी करपेपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची, ती मशेरी. सोळाव्या वर्षापासून मी लावायची. सकाळी, दुपारी, निजताना. मी म्हटलं, त्यात काय, सोडली. देवीच्या तसबिरीला हात लावून म्हटलं. पहिले चार दिवस सोडलीही. पाचव्या दिवशी बामाच्या रिकाम्या डबीत भरून पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि सकाळी न्हाणीघरात कडी लावून लावायला लागले. दात घासते, म्हणायची. वरून चूळ, वरून लवंग. मीच घरातली चेकर, मला कोण हुंगणार?

त्या दिवशी पहाटेपासून उज्ज्वला माझ्या बरोबरीने स्वयंपाकघरात होती. पिठाच्या डब्यापाशीच पाट मांडून बसली होती. डबी काढायची सोय नव्हती. डोकं ठणकत होतं ते त्यामुळे. दोन चहांनी आणि बामाने ते उतरणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तीस-चाळीस वर्षांची तलफ कशाने उतरते ते माझं मला माहीत.

मी चोच ओठांत धरली. हेमंतरावांनी बटण दाबायला शिकवलं. "हळू ओढा, आई. चहा भुरकतो तसं."

ओढलं. आंबा आला. गोड, थोडा औषधी. ठसका लागला नाही. घशाला जरा खवखवलं, तेवढंच. मी पुन्हा ओढलं, ठसका आणायच्या बेताने. मग तिसऱ्यांदा ओढलं, आणि ते कशासाठी ओढलं ते मला आठवत नाही.

"कसं आहे?" नानांनी विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं.

आणि खरंच बरं होतं. दारातून वारा आत आला असं वाटलं. पंखा फिरत होता त्याचा आवाज ऐकू आला, इतका वेळ आला नव्हता. हेमंतराव काही तरी म्हणाले आणि मला चक्क हसू आलं. त्यांचं नाक चांगलं आहे, असंही मनात आलं. सकाळपासून पहिल्यांदा जावई मला बरा दिसला.

मी चौथ्यांदा ओढणार होते. चोच ओठांपाशी गेली होती.

तिथे हात थांबला. डोकं ठणकत नव्हतं.

मी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. ठणका नाही. जांभई नाही. बोटं स्थिर. न्हाणीघराची कडी लावून, डबी उघडून, बोट हिरडीवर फिरवलं की दोन मिनिटांत जे होतं, ते झालं होतं. अगदी तेच. त्यात आंब्याचा काही संबंध नव्हता.

"पास ना?" नाना म्हणाले. आता त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, ओंजळीसारखे. "आनसे, बोल ना. पास?"

पास म्हटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. जावई खूश, लेक खूश, नवरा खूश. ठसका आणून नापास म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तीन झुरके सुखाने ओढल्यावर ठसका कुठला आणू? आणि त्यांनी नंतर लेकीला फोन करून मागवलीच असती. तंबाखू नाही म्हणतात ना, नुसती वाफ, असं म्हणत ओढली असती. खरं कारण सांगायचं तर एकच होतं, आणि ते पिठाच्या डब्यामागे होतं.

"हेमंतराव," मी विचारलं, "यात तंबाखू किती?"

"आई, सांगितलं ना, तंबाखू नसतेच यात."

"पान नसेल. मी पानाचं विचारत नाही. पानात जे असतं ते किती?"

"नाही हो."

"मग मला कसं कळलं ते ऐका. माझी सकाळची मशेरी राहिली होती. पहाटेपासून डोकं फुटत होतं. तुमचे तीन झुरके घेतले आणि उतरलं. उज्ज्वला, पिठाच्या डब्यामागे बामाची डबी आहे, ती आण. तुझ्या बापाला पटायला हवं."

उज्ज्वला उठली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. नानांचे हात अजून तसेच पुढे होते.

"रोज?" नानांनी विचारलं.

"रोज."

"मी तुझ्यापुढे हात धरायचो, तू हुंगायचीस, तेव्हापण?"

"तेव्हापण."

"आणि टपरीपाशी, रस्त्यात?"

"त्या दिवशी तर दोनदा लावली होती."

नानांनी हात हळूच मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. पिवळी होती ती चाळीस वर्षं. सात महिन्यांत नखं पांढरी होत आली होती. मी रोज नाकाशी धरत होते, बघितली मात्र त्या दिवशी.

"थोडंसं निकोटिन असतं, आई," हेमंतराव खाली बघत म्हणाले. "अगदी थोडं. दुकानात शून्यवाली बाटली होती, पण दुकानदार म्हणाला, शून्यवाल्याने समाधान होत नाही. म्हणून मी ही… मी सुरुवातीला शून्यच घेणार होतो."

"मला तुम्ही शून्यच सांगितलं होतंत," उज्ज्वला म्हणाली. "दीड वर्ष."

सवयीने हेमंतरावांचा हात खिशातल्या त्यांच्या डबीकडे गेला, आणि सगळ्यांनी बघितल्यावर तिथेच थांबला.

मी नवी डबी उचलली, पुसली, खोक्यात घातली. झाकण लावलं. खोकं त्यांच्या पुढ्यात सरकवलं आणि नारायण असो की कोणी असो, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं:

"जावईबापू, माझा निकाल ऐका. वस्तू चांगली आहे. हलकी आहे, गळत नाही, तापत नाही, दोन्ही सेल इमानाने चालतात. मला तिच्यात खोट काढता आली नाही, म्हणूनच ती ह्या घरात एक दिवससुद्धा राहायची नाही. तुम्ही म्हणता सोडली, तुम्ही सोडलेली नाही. मी म्हणते सोडली, मी सोडलेली नाही. ह्या घरात सोडली ती एकट्या ह्यांनी. आणि आपण दोघं खोटारडी माणसं ऐटीत बसून त्यांच्यासाठी वस्तू पसंत करतोय. उचला ती."